सोळा वर्षांच्या भाचीसाठी कादंबरी सुचवा (बजेट ५०० रुपये, 'मृत्युंजय' सोडून)

पूर्णाकाठ (परभणी)
नमस्कार मंडळी. भाची अकरावी सायन्सला आहे, लातूरला होस्टेलवर. नीटची तयारी. मोबाईल रविवारी एक तास हातात मिळतो, बाकी आठवडाभर तो रेक्टर मॅडमच्या कपाटात. मागच्या रविवारी फोनवर म्हणाली, "मावशी, काहीतरी वाचायला आण ना. फिजिक्स नको, आणि ज्यात शेवटी कुणीतरी कलेक्टर होतं तेही नको."

तर तिच्या वयाच्या पोरापोरींची, आत्ताच्या काळातली कादंबरी पाहिजे. मराठी चालेल, सोपं इंग्रजीही चालेल, सेमीतून शिकलीय. बजेट ५००, त्यात एक किंवा दोन. जाड नको. होस्टेलला अवांतर वाचन दिसलं की जप्त होतं, त्यामुळं उशीखाली मावलं पाहिजे. पुढच्या शनिवारी मी लातूरला चाललेय, तोवर सांगा.

'मृत्युंजय' घरात आहे. दोन प्रती आहेत, दोन्ही लग्नात आहेर म्हणून आलेल्या.

शब्दवेडा
'मृत्युंजय' वाचायलाच हवी. मी आठवीत तीन दिवसांत संपवली होती, जेवणाचं भान नव्हतं.

पूर्णाकाठ
दादा, शीर्षक वाचा की ओ.

शब्दवेडा
वाचलं. तरीही सांगतो. पुस्तक घरात असणं आणि वाचलेलं असणं यात फरक आहे. नसेलच द्यायची तर 'छावा' द्या.

गंजगोलाई
ताई, राग मानू नका पण नीटच्या वर्षात कादंबरी म्हणजे पायावर धोंडा. माझ्या मुलानं दोन वर्षं पेपरसुद्धा उघडला नाही. सकाळी ५ ला उठणार, रात्री ११ ला झोपणार, मधे फक्त क्लास आणि डबा. ७२० पैकी ६४८ आले. लातूरमध्ये राहून हे जमत नसेल तर लेकराला लातूरला पाठवायचंच कशाला?

होस्टेल_रिटर्न
काका, आता काय वाचतो तुमचा मुलगा?

गंजगोलाई
आता काही नाही. रील बघत असतो.

निवांत_नांदेड
मिलिंद बोकीलांची 'शाळा'. विषय संपला. २००४ ला आलेली. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे ते सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि वर्गातली शिरोडकर. आणीबाणीचा काळ आहे पण तो मागं मागं चालू राहतो, पुढं सगळी शाळाच. पिक्चर बघितला असेल तरी पुस्तक वाचावं, त्यात बरंच जास्त आहे. मी आजवर सात जणांना भेट दिलीय, एकानंही परत आणून दिली नाही.

सातवी_माळ
भेट दिलेली परत कशाला आणतील?

'शाळा' मलाही आवडते, पण सोळा वर्षांच्या पोरीला देताना मी दोनदा विचार करीन. सगळं जोशीच्या डोळ्यांनी दिसतं. शिरोडकर कशी चालते, कुठं वळते, कुणाकडं बघून हसते, हे सगळं आहे. तिच्या डोक्यात काय चाललंय ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही. मी नववीत असताना वाचली तेव्हा जीव तोडून शिरोडकर शोधत होते पुस्तकात.

निवांत_नांदेड
अहो ताई, तीच तर गंमत आहे. पोराला जे कळत नाही ते वाचकालाही कळत नाही.

सातवी_माळ
तुमच्यासाठी गंमत. पोरींनी कुणाच्या तरी खिडकीतनं दिसत राहण्याची गोष्ट आमच्याकडं रोज चालू असते, त्याला पुस्तक नाही लागत.

पूर्णाकाठताई, दोन नावं देते. बालाजी मदन इंगळे यांची 'झिम पोरी झिम', लेखक आपल्या उमरग्याकडचे, गावच्या शाळेत शिकणाऱ्या पोरींची गोष्ट आहे. दुसरी सुनीता बोर्डे यांची 'फिन्द्री'. घरात नकोशी म्हणून हिणवलेली पोरगी आणि तिला शिकवायचंच म्हणून उभी राहिलेली आई. ती वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन आले. होस्टेलवर एकट्या पोरीला ती झेपेल का, तुम्ही बघा. हसू येणारं पुस्तक नाही.

उदगिरी_पाव्हणा
एवढे जण बोलले पण 'बगळा'चं नाव कुणी काढीना. प्रसाद कुमठेकर. आमच्या उदगीरच्या शाळकरी पोराची गोष्ट, आणि अख्खी आमच्या बोलीत. २०२२ ला उदगीरला साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी मांडवात घेतली. भाषणं चालू होती आन् मी मागच्या खुर्चीवर बसून एकटाच हसलालो. शेजारचा बाबा म्हणला, अध्यक्ष एवढं गंभीर बोललालेत आन् तुम्ही हसलालाव व्हय?

ताई, तुमची भाची लातुरात हाय म्हणजे तिला ही भाषा रोज मेसच्या मावशीकडनं ऐकू येतीया. आपण जसं बोलतो तसं छापलेलं बघून काय वाटतं ते सांगता येत नाही. मला तर पहिल्यांदा वाटलं छपाईची चूक हाय.

शब्दवेडा
बोलीभाषेतल्या कादंबऱ्यांनी मुलांची प्रमाण मराठी बिघडते. आधीच सेमी-इंग्रजीवाले.

उदगिरी_पाव्हणा
बिघडायला तुमची प्रमाण मराठी दूध हाय का ओ?

हायवे_५२
😂😂 पण उदगीरवाल्यांचं "बोललालेत" आम्हाला बीडला ऐकलं की वाटतं कॅसेट अडकलीय.

उदगिरी_पाव्हणा
आन् तुमचं काय वेगळं? परभणीचं "बोलायलेत", संभाजीनगरचं "बोलू राहिले". सगळ्यांची कॅसेट अडकल्यालीच हाय.

संपादक मंडळ
मंडळी, बोलीवर वेगळा धागा आहे, तिकडं जा. इथं पुस्तकं.

डॉ_अबक
मी पुण्यात असतो पण मूळचा अंबाजोगाईचा. माझ्या मुलीकडं 'हंगर गेम्स'चा पूर्ण सेट आहे, २०२५ ला आलेला नवा भागही आहे, सगळे हार्डकव्हर. तुम्ही सरळ किंडल घ्या. एका यंत्रात हजार पुस्तकं, उशीखाली मावतं, रात्री दिवा लावावा लागत नाही. आम्ही दोन्ही मुलांना एकेक घेऊन दिलंय.

पूर्णाकाठ
डॉक्टरसाहेब, बजेट ५०० आहे. आणि जिथं साधा फोन कपाटात जातो तिथं किंडल कुठं जाईल?

डॉ_अबक
बजेट थोडं वाढवा. मुलांच्या वाचनावर केलेला खर्च हा खर्च नसतो.

फाल्गुनी_ऊन
मला कुणी विचारलं तर मी एकच नाव घेते. जॉन ग्रीनचं 'द फॉल्ट इन अवर स्टार्स', २०१२ चं. सोळा वर्षांची हेझल, कॅन्सर आहे, ऑक्सिजनची नळकांडी चाकावर ओढत सगळीकडं जाते. आणि तिचा मित्र गस. त्यावरून आपल्याकडं 'दिल बेचारा' निघाला २०२० ला, तो सोडा. पुस्तक वाचा. पोरगी इतकी तिरकस बोलते की आजारी आहे हे आपण विसरतो, आणि मग एकदम आठवतं.

मी जालना ते परभणी एसटीत संपवलं. सेलूच्या पुढं मी इतकी रडायला लागले की कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत मारून जवळ आला. "ताई, घरून काही वाईट फोन आलाय का? गाडी थांबवू का?" मी मान हलवली. आता त्याला काय सांगणार, ॲमस्टरडॅमला असं असं झालं म्हणून.

गंजगोलाई
कॅन्सरची गोष्ट. नीटच्या पोरीला. वा.

फाल्गुनी_ऊन
काका, बायोलॉजीत कॅन्सर आहेच की.

हायवे_५२
इंग्रजी घेणार असाल तर एक सांगतो, फूटपाथवरून घेऊ नका. मी बहिणीसाठी 'वन ऑफ अस इज लाइंग' घेतलं, १५० रुपयाला, चकचकीत. शाळेत शिक्षा म्हणून पाच पोरं एका खोलीत बसवतात, त्यातला एक तिथंच मरतो, उरलेले चार संशयित. वाचायला लई मजा. आणि पान ११२ च्या पुढं थेट १४५. मधली ३२ पानं नाहीत. आमचे मामा प्रेसवर कामाला होते, ते म्हणाले दोन फॉर्मे पडलेत, सोळा-सोळा पानांचा एक. त्याऐवजी आधीचीच ३२ पानं परत शिवलेली. म्हणजे बहिणीनं एवढा भाग दोनदा वाचला आणि मला म्हणाली, लेखिका फार घोळवते.

विकणाऱ्याकडं गेलो तर म्हणला, दादा, जाडी सेम आहे ना?

फूटपाथची ओळखायची खूण: कागद पिवळट-करडा, अक्षर फोटो काढल्यासारखं अंधुक, आणि कणा उघडला की डिंक कटकट वाजतो. जुनं पण अस्सल पुस्तक घ्या, त्याच पैशात येतं.

बाबा_लायब्ररीवाले
उशिरा लिहितोय. तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं होतो, आता निवृत्त. काही गोष्टी स्पष्ट करतो.

तुम्ही जे मागताय त्याला इंग्रजीत 'यंग ॲडल्ट' म्हणतात, साधारण १२ ते १८ वयाचं. आपल्याकडं कुमार साहित्य म्हणतात, पण दुकानात त्याचा कप्पा नसतो. एकीकडं इसापनीती, दुसरीकडं एकदम विश्वास पाटील, मधे काही नाही. आमच्याकडंही नव्हता. मी एक कपाट केलं होतं. त्याची किल्ली सचिवांकडं, आणि सचिव शेतावर. पोरं येऊन काचेतनं कणे वाचून जायची. असो.

'शाळा' मी देईन. प्रकाश नारायण संतांचा लंपनही देईन, पण त्या कथा आहेत, कादंबरी नाही, आणि 'वनवास'पासून सुरुवात करावी. लंपन या पोरीपेक्षा लहान आहे, म्हणून काही बिघडत नाही. देविदास सौदागर यांची 'उसवण' मुद्दाम सांगतो. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम केलेले. तयार कपड्यांच्या दुकानांनी ज्याचं मशीन थांबवलं अशा शिंप्याची गोष्ट. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. नायक पोरवयाचा नाही, पण हे आपल्या शेजारच्या गल्लीतलं पुस्तक आहे.

एक सावधगिरी. कॉलीन हूवर हे नाव पोरींच्या तोंडी फार आहे. 'इट एंड्स विथ अस' हे यंग ॲडल्ट नाही, मोठ्यांसाठीचं आहे. नवऱ्याच्या मारहाणीची गोष्ट आहे. मुखपृष्ठावर फुलं बघून लोक पुतणीला देतात.

अर्थात ही वर्गवारी कागदावरची. मार्कस झुसाकची 'द बुक थीफ' ऑस्ट्रेलियात मोठ्यांची म्हणून छापली आणि अमेरिकेत यंग ॲडल्ट म्हणून. पुस्तक तेच. अप्रतिम आहे, पण तुमच्या भाचीला देऊ नका. साडेपाचशे पानं, हिटलरचा जर्मनी, आणि गोष्ट सांगणारा कोण, तर प्रत्यक्ष मृत्यू. परीक्षेच्या पोरीला हे नको.

आणि फुकटात हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर', १९७१ पासूनचे अंक नेटवर आहेत.

पूर्णाकाठ
बाबा, मनापासून आभार. नेट मात्र रविवारी एकच तास.

शब्दवेडा
बाबांनी 'मृत्युंजय'चा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं. आणि 'एक होता कार्व्हर' कुणीच कसं सुचवलं नाही?

सातवी_माळ
कारण ते चरित्र आहे, कादंबरी मागितलीय. आणि ते प्रत्येक पोराला दहावीच्या निकालाला मिळालेलं असतं.

पूर्णाकाठ
तिला तीन मिळालीत.

बिंदुसरा
मी बीडचा. इथं एकाही पुरुषानं हे सांगितलं नाही म्हणून सांगतो. रंजीत लाल यांचं 'फेसेस इन द वॉटर', २०१० चं, इंग्रजी सोपं. दिल्लीतलं श्रीमंत घराणं, "आमच्याकडं फक्त मुलगेच होतात" म्हणून मिरवणारं. घराच्या आवारात विहीर आहे, तिच्या पाण्याची ख्याती. पंधरा वर्षांचा गुरमी त्या विहिरीत डोकावतो आणि त्याला पाण्यात चेहरे दिसतात. कुणाचे ते इथं लिहीत नाही, पण तुम्हाला कळलं असेल.

हे पुस्तक भयानक असायला हवं होतं. पण त्या पाण्यातल्या पोरी खोड्या करतात, दंगा करतात, भावाशी भांडतात. मी हसत होतो आणि हसताना लाज वाटत होती. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. माझा चुलतभाऊ त्याच वर्षांतला. आमच्या भावकीत त्याच्या वयाची एकही पोरगी नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला मला दिल्लीच्या विहिरीचं पुस्तक लागलं.

फार जाड नाही.

डॉ_अबक
हा विषय वेगळ्या धाग्यावर घ्यावा असं वाटतं.

बिंदुसरा
का?

होस्टेल_रिटर्न
मला बोलू द्या आता, मी दोन वर्षं लातूरला काढलीत, त्याच प्रकारच्या होस्टेलला. आता संभाजीनगरला बीएस्सीला आहे. (हो काका, नीट नाही निघाली. कादंबरीमुळं नाही, फिजिक्समुळं.)

आमच्या खोलीत एकच कादंबरी होती. हॉली जॅक्सनचं 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर', २०१९ चं. पिप नावाची बारावीतली पोरगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी गावातला पाच वर्षांपूर्वीचा खून परत उकरून काढते. ज्याच्यावर आळ आला तो सल सिंग नावाचा पोरगा, आणि त्याचा भाऊ रवी तिच्यासोबत शोधाशोध करतो. इंग्रजी एकदम सोपं. मधे मधे तिच्या वहीतल्या नोंदी, मुलाखती, नकाशे. चॅप्टर छोटे. मेसमधनं येऊन लाइट बंद व्हायच्या आत एक चॅप्टर होतोच.

पुस्तक एक आणि पोरी चार. शेवटी आम्ही ब्लेडनं कणा कापून त्याचे चार भाग केले, प्रत्येक भागाला बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलचं तपकिरी कव्हर, वर लेबल: युनिट १, २, ३, ४. रेक्टर मॅडम एकदा युनिट ३ हातात घेऊन म्हणाल्या, "अशीच नोट्स काढत जा." कुणाला हसू आवरेना, एकीनं तर खोकल्याचं सोंग केलं.

मग दिवाळी लागली. युनिट ४ ज्या पोरीकडं होतं ती हिंगोलीला गेली आणि तिकडं तिला डेंगू झाला. मी युनिट ३ च्या शेवटच्या पानावर येऊन बसलेली. खून कुणी केला ते मला तेवीस दिवसांनी कळलं. त्या तेवीस दिवसांत मी भिंतीवर संशयितांची यादी केली होती, मॅडमना वाटलं ऑरगॅनिकचे रिॲक्शन.

ताई, हेच द्या. तीन भाग आहेत, पण पहिला एकटाही पुरतो. आणि कव्हर तपकिरीच लावा, दुसरा रंग नको.

फाल्गुनी_ऊन
हे वाचून मला परत अकरावीत जावंसं वाटायलंय. नको, नाही वाटत.

निवांत_नांदेड
'शाळा' ही घ्याच.

गंजगोलाई
म्हणजे आता इथं रेक्टरला फसवायच्या युक्त्या शिकवणं चाललंय. धन्य.

हायवे_५२
काका, लातुरात असं एकही होस्टेल नाही जिथं हे होत नाही. तुमच्या मुलाचंही युनिट ४ कुठंतरी असेल.

पूर्णाकाठ
जाऊन आले. सांगते काय झालं ते.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाले. पर्समध्ये चिठ्ठी, त्यावर तुम्ही सांगितलेली नऊ नावं. लातूरच्या दुकानात 'शाळा' होती. 'बगळा' मागवून देतो म्हणाले. 'उसवण' कालच संपली होती. पिपची तिसरी होती, पहिली नाही. मी 'शाळा' हातात घेऊन काउंटरला उभी, तेवढ्यात वाटलं तिलाच विचारावं. होस्टेलला गेले, पाहुण्यांच्या बाकावर दहा मिनिटं मिळतात, तिला चिठ्ठी दाखवली.

तिनं सगळी नावं वाचली आणि म्हणाली, "मावशी, यातलं सगळ्यात जाड कुठलं?"

मी म्हणलं, अगं पातळ आणायला सांगितलेलं ना, उशीखाली?

"ते आधी. पातळ दोन दिवसांत संपतं, मग परत तेच छत बघायचं. संपणार नाही असं आण. उशीखाली नको, गादीच्या खाली ठेवते, पायाकडं. तिकडं कुणी हात घालत नाही."

चिठ्ठीत सगळ्यात खाली मी बाबांचं 'द बुक थीफ' लिहिलं होतं. पुढं कंसात "नको". तिनं बोट त्यावरच ठेवलं. मी सांगितलं की बाबा, रेक्टर, समाज, सगळ्यांचा विरोध आहे. मृत्यू गोष्ट सांगतो. ती म्हणाली, "इथं सगळे तसंच बोलतात."

एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं, ३२० रुपये. हायवे दादा, मी उभ्याउभ्या सगळे फॉर्मे मोजले. दुकानदार म्हणाला, ताई, नोटा मोजताय का? पानं बरोबर आहेत. उरलेल्या १८० मधलं थोडं तपकिरी कव्हर आणि लेबलांना गेलं, बाकीचा तिला शेंगदाण्याचा लाडू.

काल रविवारचा फोन आला. म्हणाली, त्यातली पोरगी पहिलं पुस्तक भावाला पुरताना उचलते, आणि ते कबर खणायचं माहितीपुस्तक निघतं. तिला वाचताही येत नसतं. हे सांगताना ती कुजबुजत होती, कारण मागं मॅडम उभ्या होत्या. बावन्न पानं झालीत. एक तासातला सगळा वेळ तिनं मला तेच सांगितलं, मार्क किती पडले ते मी विचारायचं विसरले.

बाबा_लायब्ररीवाले
मी नको म्हणालो होतो. असो. मॅक्स तळघरात येईल तेव्हा मला कळवा, ती काय म्हणते ते.

सातवी_माळ
'झिम पोरी झिम' मी माझी प्रत पाठवते. पुढच्या वेळेस न्या.

उदगिरी_पाव्हणा
'बगळा' मी मेसवर आणून देतो, उदगीर-लातूर रोजचं जाणं हाय. कव्हर लावूनच देतो.

गंजगोलाई
होस्टेल_रिटर्न, त्या खुनाच्या पुस्तकाचं नाव परत लिहा. मुलाला नव्हे, मला.

शब्दवेडा
पूर्णाकाठताई, घरातल्या दोन 'मृत्युंजय'पैकी एक मिळेल का? माझ्या प्रतीला वाळवी लागली, परत वाचायची म्हणून काढली तर आतून पोकळ.

पूर्णाकाठ
दोन्ही न्या. एकीवर "सौ. व श्री. यांस सप्रेम" लिहिलंय, तेवढं पान मला फाडून द्या.